वळवलेले फोन

९ सप्टेंबर, सोमवार

मने,

आज दाढी करता करता एकदम तो आवाज आठवला. टेलिफोन ऑफिसच्या जिन्यात मी तुझी वाट बघत उभा असायचो, सायकल खाली भिंतीला टेकवून, आणि वरच्या बंद दारामागून तुम्हा तीस-चाळीस मुलींचा मिळून एकच आवाज यायचा. "जोडते... जोडते... थांबा हं, जोडते." शब्द एकच, पण कुणाचा वरच्या पट्टीतला, कुणाचा खालच्या, कुणाचा पेंगुळलेला. वळचणीला पारवे घुमावेत तसं ते घुमत राहायचं. त्यातला तुझा कुठला, ते मला ओळखता यायचं. तू एकोणीसची होतीस, मी चोवीसचा, आणि मला खरंच वाटायचं की हे सगळं गाव माझ्या धाकट्या बहिणीच्या हातातल्या दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेलं आहे.

हनुवटीला ब्लेड लागलं. फार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. आपली कचेरी रोज नऊला उघडते. उघडते म्हणजे मी निजायच्या खोलीतून पुढच्या खोलीत येतो. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. तू म्हणायचीस, "दादा, कॉम्प्युटरला तुझे बूट दिसत नाहीत रे." न दिसोत. चौतीस वर्षं साहेबांच्या केबिनबाहेर बसून त्यांची पत्रं टाइप केली. सपाता घालून लिहिलेलं पत्र मला वाचताना कळतं.

या धंद्यात मला ओढलंस तूच. दोघंही निवृत्त, दोघांच्याही संसाराच्या जागा रिकाम्या झालेल्या, एका घरात राहायला लागलो होतो आणि दिवसभर एकमेकांच्या पायात येत होतो. तू कुठूनसं ऐकून आलीस की घरी बसून दूरच्या लोकांची कामं करता येतात, त्यांच्या भेटीच्या वेळा ठरवायच्या, पत्रांना उत्तरं द्यायची, फोन घ्यायचे. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्याला. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? तू म्हणालीस, "म्हणजे असून दिसायचं नाही. तुला जमेल. सगळ्या लग्नांच्या फोटोत तू कुणाच्या तरी मागे असतोस."

फोन तुझे, पत्रं माझी. पाच वर्षं काय झकास चाललं होतं.

गिऱ्हाइकं तुझी चौकशी करतात. मी सांगतो, ताई रजेवर आहेत. सात महिन्यांची रजा जरा लांबली, पण कुणी खोदून विचारत नाही. दातांचे डॉक्टर तर कशाचीच चौकशी करत नाहीत, तुला ठाऊकच आहे.

आपल्या इमारतीच्या जिन्यात जो प्रकार झाला, त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही. हे पत्र फक्त तू परत यावंस म्हणून आहे. बाकी सगळी प्रस्तावना.

तुझा,
दादा


१२ सप्टेंबर, गुरुवार

मने,

सोमवारी लिहिलं, इकडे सगळं ठीक आहे. ते वाचून तुला हसू आलं असेल. सहा गिऱ्हाइकं होती, आता दोन उरली आहेत, दातांचे डॉक्टर आणि पडदेवाल्या बाई. बाकीची कुणी भांडून गेली नाहीत. एकेक करून गेली, थंडीत झाडाची पानं... नको. तू म्हणशील, झाला सुरू. गेली.

एकट्यानं काम करायचं तर उमेद कुठून आणायची, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ती समोरच्या टेबलावर बसलेली असायची आणि माझी वाक्यं तोडायची. आता मी युक्त्या करतो. पावणेनऊला कुलूप लावून खाली उतरतो, इमारतीला एक वळसा घालतो आणि त्याच दारानं वर येतो. म्हणजे ऑफिसला आल्यासारखं वाटतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं परवा हटकलं.

"काय काका, ऑफिसला?"

"हो."

"लांब आहे का?"

"आत्ता पोचतो."

दुसरी युक्ती अशी की शाळेत मास्तर वहीवर शेरा द्यायचे तसा रोज संध्याकाळी मी स्वतःला शेरा देतो. "ठीक. अक्षर सुधारावे." "उत्तरे वेळेवर, चित्त मात्र जाग्यावर नाही." काल दिला, "आज फक्त उपस्थिती."

तिसरी युक्ती कवितेची. पाठ असलेली एक कविता सकाळी मोठ्यानं म्हणायची, हात मागे बांधून, खिडकीकडे तोंड करून. त्यात काव्यापेक्षा सोय जास्त आहे. तसं केलं नाही तर दिवसातला माझा पहिला शब्द अकरा-साडेअकराला डॉक्टरांच्या कुठल्या तरी रुग्णाच्या कानात पडतो, आणि तो घोगरा निघतो. घसा वापरला नाही की गंजतो, हे मला एकाहत्तराव्या वर्षी समजलं.

पडदेवाल्या बाईंनी आज विचारलं, "ताईंची रजा संपली का हो काका? त्या माझ्याशी मापं बोलता बोलता दुसरंच काहीतरी बोलायच्या. ते बरं वाटायचं." मी म्हटलं, संपतच आली आहे.

खोटं बोलायची मला सवय लागली आहे, मने. आणि ती तू गेल्यावर लागली असं नाही.

दादा


१८ सप्टेंबर, बुधवार

मने,

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणू या.

आपल्या या धंद्यातले आठ-दहा जण दर बुधवारी अकराला कॉम्प्युटरच्या पडद्यावर जमतात. सगळे आपापल्या घरी एकटे बसून काम करणारे. एकमेकांना धीर द्यायचा, अडचणी सांगायच्या, कामाची कुणाला माहिती हवी तर द्यायची, असा बेत. तू गेल्यावर महिनाभरानं मी त्यात शिरलो. प्रत्येकाचं एकेका चौकोनात डोकं दिसतं, शाळेच्या ग्रूप फोटोसारखं, फक्त प्रत्येक जण वेगळ्या घरातून आलेला. कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे, कुणाच्या मांडीवर मूल. एक बाई गाडीतच बसून बोलतात, घरात जागा नाही म्हणून. मला सगळे आजोबा म्हणतात. मी बहुधा ऐकतो. माझ्यासारख्याला तेवढ्यानंही आठवडा ढकलता येतो.

हा मेळावा चालवणारी मुलगी बडबडी आणि प्रेमळ आहे. तिनं आज प्रश्न टाकला, "गिऱ्हाईक सोडून जातं, दिवसभर फोन वाजत नाही, तेव्हा तुम्ही स्वतःला कसं टिकवता?" सगळे काही ना काही बोलले. एकानं सांगितलं, व्यायाम. गाडीतल्या बाई म्हणाल्या, "मी रडून घेते आणि मग बिलं पाठवते." मग ती म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही बोलायचंच."

मी बोललो. चौथीत मास्तरांनी शिकवलेली ती ओढ्याची कविता, जी तू दोरीवरच्या उड्या मारत म्हणायचीस आणि प्रत्येक स्वल्पविरामाला दोरी फरशीवर आपटायचीस, ती मी पूर्ण म्हटली. आठ कडवी. हात मागे बांधून उभा राहिलो होतो. पाचव्या कडव्याला आवाज जरा भरून आला, तिथे थांबलो, मग पुढे गेलो. सगळे चौकोन माझ्याकडे बघत होते. कुणी हललं नाही. गाडीतल्या बाई मान डोलावत होत्या. इतक्या वर्षांत माझं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

संपल्यावर मी खाली बसलो. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, तुमचा आवाज बंद होता."

"म्हणजे?"

"माइक बंद होता. आम्हाला काहीच ऐकू नाही आलं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही कुणी?"

एक मुलगा म्हणाला, "तुम्ही इतके रंगला होतात आजोबा, कुणालाच तोडवेना."

मी हसलो. तेही हसले, सुटल्यासारखे. मला म्हणाले, आता म्हणा पुन्हा. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी.

मग पडदा मिटवला आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत तसाच बसून राहिलो. पाच-सहा मिनिटं मी भिंतीशी बोललो होतो, आणि दहा भल्या माणसांनी, केवळ मला वाईट वाटू नये म्हणून, मला तसं बोलू दिलं होतं.

उद्या लिहीन. आज नाही जमत.

दादा


१९ सप्टेंबर, गुरुवार

मने,

आधी हे सांगतो की मागची तीन पत्रं टेबलाच्या खणात आहेत. पाकिटांवर तू राहतेस त्या भाचीच्या घरचा पत्ता घातला आहे, तिकिटंही चिकटवली आहेत. टाकली मात्र नाहीत. पेटीपर्यंत रोज जातो, कचेरीच्या वळशात ती लागतेच. खिशात हात घालतो आणि परत येतो.

आता जिन्यातलं.

तुला ऐकू कमी येतंय, हे मला तुझ्याआधी समजलं होतं. मागच्या जानेवारीत डॉक्टरांचा निरोप आला की एक रुग्ण गाल सुजवून बंद दवाखान्याच्या पायरीवर दोन तास बसला होता. फोनवर ठरलेला वार एक आणि तू लिहिलेला दुसराच. आठवड्यात तसं तीनदा झालं. त्यांनी मला लिहिलं, "फोनचे काय ते बघावे." त्यांची पत्रं नेहमी एवढीच.

मला तुला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, मने, चल, कान तपासून घेऊ. पण आईचं आठवलं. तिला ऐकू येईनासं झाल्यावर आपण घरात सगळे तिच्यावर ओरडून बोलायचो, आणि पाहुण्यांसमोर तिच्या उलट्यासुलट्या उत्तरांना हसायचो, मीही. तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून देणाऱ्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो की आता तुझे कान गेले?

म्हणून मी ते केलं. एका सकाळी तू आंघोळीला गेलेली असताना कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबून कचेरीचे सगळे फोन माझ्या मोबाइलवर वळवले. आणि तुला सांगितलं की सध्या कामच थंड आहे.

तेवीस दिवस. मी मोजले होते.

तू रोज नऊला हेडफोन लावून बसायचीस. तिसऱ्या दिवशी वायर तपासलीस. सहाव्या दिवशी हेडफोनची गादी धुऊन खिडकीत वाळत घातलीस. दहाव्या दिवशी म्हणालीस, "दादा, लोकांना आता माणसांशी बोलायला नको झालंय बहुतेक." मी म्हटलं, "असेल, काळ बदलला." मी हे म्हटलं, मने. शर्टाच्या खिशात मोबाइल थरथरत होता तेव्हा म्हटलं, आणि "जरा पाय मोकळे करून येतो" असं सांगून खाली गेलो. तुला वाटलं म्हाताऱ्याला फिरायचं वेड लागलंय. जाताना तू मला मफलर द्यायचीस.

नंतर नंतर तू बोलायचीच कमी झालीस. दुपारी आडवी व्हायला लागलीस. मला वाटलं, बरंच आहे, सवय होतेय, दुखणार नाही. माणसाला आपण नकोसे झालोय असं वाटणं आणि आपले कान दुखणाईत झालेत हे कळणं, यांतलं कमी दुखणारं मी तुझ्या वतीनं निवडून टाकलं. मला कुणी विचारलं होतं?

तेविसाव्या दिवशी मी चष्मा विसरून खाली आलो होतो. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून, भेटींची वही मांडीवर घेऊन, पडदेवाल्या बाईंना सांगत होतो, "ताई ना? ताई दुसऱ्या फोनवर आहेत." मागे वळलो तर तू उभी. चष्मा हातात.

ज्या कानांना वार ऐकू येत नव्हता, त्यांना ते बरोबर ऐकू आलं.

तू ओरडली असतीस तर मी काहीतरी सारवासारव केली असती. तू चष्मा पायरीवर ठेवलास, काचा वर करून, जशी नेहमी ठेवतेस. "तेवीस दिवस मी काय करत होते रे दादा?" एवढं विचारलंस आणि वर गेलीस. दुसऱ्या दिवशी भाची येऊन तुला घेऊन गेली. तिनं मला "येते मामा"सुद्धा म्हटलं नाही, आणि बरोबर होतं तिचं.

मला वाटत होतं, मी तुला वाचवलं. काल मला त्या चौकोनात उभं केल्यावर समजलं की मी तुला कुठे बसवलं होतं.

चुकलो. याच्यापुढे शोभेचं काही लिहिता येत नाही.

दादा


२३ सप्टेंबर, सोमवार

मने,

तुला पाठवायचं धाडस होत नाही, म्हणून निदान खोटं बोलणं थांबवलं. शुक्रवारी दोन्ही गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं. आमच्या ताई रजेवर नाहीत. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, ते मी त्यांना न सांगता त्यांचे फोन वळवले, आणि त्या घर सोडून गेल्या. सात महिने मी एकटा आहे. तुम्ही ज्यांच्यासाठी आमच्याकडे आलात त्या इथे नाहीत, तेव्हा दुसरीकडे जायचं असेल तर माझी काही तक्रार नाही. असं साधं लिहिलं. उपमा नाही, अलंकार नाही. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, आज दादाला ताप आहे काय?

डॉक्टरांचं उत्तर तासाभरात आलं. "समजले. ताईंना नमस्कार कळवावा. उद्या तीनच्या रुग्णाला चारची वेळ द्यावी." मी ते चार-पाचदा वाचलं. या माणसानं पाच वर्षांत कुणाला नमस्कार कळवल्याचं मला आठवत नाही.

पडदेवाल्या बाईंचं उत्तर नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, आजही नाही. त्यांचा फोनही नाही. त्या गेल्या, असं मी धरून चाललोय. आपल्या उद्योगाची तीच एक बोलकी बाजू होती, आणि त्यांना लळा होता तो तुझा. एका डॉक्टरांवर कचेरी चालत नाही. महिनाअखेर त्यांनाही कुणीतरी चांगलं शोधून द्यावं आणि बूट माळ्यावर टाकावेत, असं मनात आहे.

आजचा शेरा, "खरे बोलला. उशिरा."

या पानाच्या मागे कवितेच्या आठ ओळी लिहिल्या आहेत. त्या वाचल्या नाहीस तरी चालेल.

दादा


२७ सप्टेंबर, शुक्रवार

मने,

आज सकाळी वळसा घातला नाही. सरळ टेबलाशी आलो. शर्ट कालचाच. डॉक्टरांचं काम दहापर्यंत आटोपलं, तेव्हापासून हे पत्र लिहायला घेतो आणि ठेवतो. तुला एकच विचारायचं होतं. तिथे तुझ्याशी बोलणारं कोण आहे? भाची कामावर जाते, मुलं शाळेत. दुपारी तू काय करतेस? मी इथे एकटा पडलो याचं मला इतके दिवस वाईट वाटत होतं, पण तुझी दुपार कशी जाते याचा विचार मी आज पहिल्यांदा

दार वाजलं. इस्त्रीवाला असेल. बघून येतो.

इस्त्रीवाला नाही, मने. दारात साधारण चाळिशीच्या एक उंच बाई, गळ्यात मापाची पट्टी, घाईत काढायची राहिलेली, आणि चार जिने चढल्यानं लागलेली धाप. मला म्हणाल्या, "काका?" फोनवर सात-आठ महिने ऐकलेला आवाज तोंडासकट समोर आला की क्षणभर ओळखू येत नाही. चार तासांचा प्रवास करून पडदेवाल्या बाई आल्या आहेत.

मी म्हटलं, "तुम्ही उत्तर दिलं नाहीत, मला वाटलं..."

"उत्तर द्यायला वेळ कुठे होता? तुमचं पत्र मी ताईंना पाठवलं."

"तुमच्याकडे तिचा पत्ता होता?"

"सात महिने आमचं लिहिणं चालू आहे, काका. रोज दुपारी. माझ्या गिऱ्हाइकांची निम्मी उत्तरं त्याच लिहितात. तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. रजेचं विचारलं, ते तुम्ही खरं सांगता का बघायला."

मी त्यांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, तुला कानात यंत्र बसवलंय, त्यातून पंख्याचाही आवाज येतो म्हणून तू पंख्यावर चिडतेस, पंखा बंद केला की उकाड्यावर. मी विचारलं, माझं ते पत्र वाचून ती काय म्हणाली? बाईंनी फोन उघडून तुझे शब्द मला दाखवले, स्वतः वाचून दाखवले नाहीत, ते बरं केलं. "परक्यांना खरं लिहिलं म्हणजे मलाही लिहिलं असणार. पण तो टाकायचा नाही. टेबलाच्या खणात असतील. तू जा आणि घेऊन ये. कविता असेल तर ती काढून ठेव म्हणावं, बाकी सगळं आण."

तू येणार का, हे मी विचारलं नाही. बाईंनीही आपण होऊन सांगितलं नाही.

त्या समोर बसल्या आहेत. पाणी प्यायल्या, आता घड्याळाकडे बघताहेत. पाच पत्रं त्यांच्या पिशवीत गेली, हे सहावं. सोमवारच्या पत्रामागे त्या आठ ओळी तशाच आहेत. त्या काढायच्या तर पान फाडावं लागेल, आणि त्या पानाच्या पुढच्या बाजूला मी खरं बोललोय.

बाई म्हणतात, "काका, आवरा. माझी बस साडेपाचची आहे."